राजाबाई टॉवर, १८९१ : आरोपी सुटला, प्रश्न नाही

‘जॅक द रिपर’ हे नाव ऐकलं नाही असा डिटेक्टिव्ह कथांचा वाचक विरळाच. १८८८ साली लंडनमध्ये बायकांचे खून करणारा हा माणूस कधीच सापडला नाही. त्याच्यावर ढिगाने पुस्तकं निघाली, सिनेमे निघाले. पण त्यानंतर तीनच वर्षांनी, त्याच व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात, आपल्या मुंबईत दिवसाढवळ्या दोन तरुणींचा जीव गेला आणि त्याचाही उलगडा आजतागायत झालेला नाही, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

काय घडलं?

मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधल्या आवारात राजाबाई टॉवर आहे. प्रेमचंद रायचंद या कापसाच्या व्यापाऱ्याने आईच्या नावाने दोन लाख रुपये दिले, आणि १८७८ साली तो बांधून पूर्ण झाला. उंची २८० फूट, म्हणजे साधारण ८५ मीटर. आमच्या चकलांब्यात सगळ्यात उंच काय, तर पाण्याची टाकी नाहीतर मोबाईलचा टॉवर. त्यामुळे आकडा नुसता वाचून काही डोळ्यांसमोर येत नाही. आजची पंचवीस मजली इमारत डोळ्यांसमोर आणा, म्हणजे अंदाज येईल.

तेव्हा हौसेने वर चढून लोक मुंबई बघायचे. २५ एप्रिल १८९१ रोजी बच्चूबाई आणि फिरोजबाई या एकमेकींच्या नात्यातल्या दोन पारशी तरुणी अशाच वर गेल्या. एकीचं वय वीसच्या आसपास, दुसरी सोळाच्या. त्या जिन्याने खाली आल्याच नाहीत. दोघीही वरून पडून गेल्या. मानेकजी अस्लाजी नावाच्या माणसावर खुनाचा खटला चालला. पुरावा पुरा पडला नाही आणि तो निर्दोष सुटला. दुसऱ्या कोणालाही शिक्षा झाली नाही.

बच्चूबाई म्हणजे अर्देशीर गोदरेज यांची पत्नी. हो, तेच गोदरेज! ज्यांनी १८९७ साली कुलपं बनवायला सुरुवात केली, ते. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही.

प्रश्न पहिला : त्या पडल्या कशा?

पाय घसरला, उडी मारली की कोणी ढकललं? इथे आपलं अकरावीचं प्रोजेक्टाइल मोशन कामाला येतं. हिशोबापुरती उंची ६० मीटर धरू. खाली यायला साडेतीन सेकंद लागतात आणि जमिनीशी वेग होतो ताशी १२० किलोमीटरच्या वर. पण महत्त्वाचं आहे ते आडवं अंतर. नुसता तोल गेला तर आडवा वेग जेमतेम सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे माणूस भिंतीपासून पावणेदोन मीटरवर पडणार. धावत येऊन सेकंदाला तीन मीटरने झेप घेतली तर दहा मीटरच्या पुढे. आजचे फॉरेन्सिकवाले म्हणूनच आधी टेप काढतात आणि भिंतीपासूनचं अंतर मोजतात.

पण गंमत अशी की, कोणी हलका धक्का दिला आणि कोणी जागेवरूनच उडी मारली, तर दोन्हीची उत्तरं जवळपास सारखीच येतात. त्यात सज्जाला कठडा असतो, खाली भिंतीची नक्षी पुढे आलेली असते. शरीर मध्येच कुठे आपटलं की सगळं गणित बिघडतं.

प्रश्न दुसरा : तेव्हा वर कोण होतं?

थर्मोडायनॅमिक्समध्ये आपण सिस्टीमभोवती एक सीमा आखतो आणि आत काय गेलं, बाहेर काय आलं ते मोजतो. टॉवरलाही तेच लागू आहे. कोण किती वाजता चढलं आणि किती वाजता उतरलं, एवढं नक्की कळलं तर निम्मी केस सुटली. रेक्टर मॅडम गेटवर इन-आऊट रजिस्टरमध्ये सही करायला लावतात तेव्हा आम्ही मुली किती कुरकुर करतो! पण त्या दोन कॉलमची किंमत अशा वेळी कळते.

बरं, वेळ तरी कोणती धरायची? त्या काळी मुंबईची स्वतःची ‘बॉम्बे टाइम’ होती आणि रेल्वे चालायची ‘मद्रास टाइम’वर. दोन्हींत साधारण अर्ध्या तासाचा फरक. भारतासाठी एक प्रमाणवेळ आली १९०६ साली. म्हणजे त्या काळी कोणी ‘साडेतीनला बघितलं’ म्हटलं, तर आधी विचारायला हवं, कोणत्या घड्याळात?

प्रश्न तिसरा : आज ही केस सुटली असती का?

काही वर्षांचाच फरक पडला, बघा. बोटांच्या ठशांवरून खुनी पकडल्याची पहिली प्रसिद्ध केस अर्जेंटिनातली, १८९२ ची. कलकत्त्याला ठशांचं ब्युरो निघालं १८९७ मध्ये. रक्तगट कळले १९०१ मध्ये आणि डीएनएची ओळखपद्धत तर १९८४ ची. कपड्यावरचा डाग, कठड्यावरचा हात, नखाखालची कातडी, यातलं काहीच १८९१ च्या कोर्टात आजच्यासारखं बोलू शकत नव्हतं. बोलायची ती फक्त माणसं.

आणि चौथा प्रश्न, जो सहसा कोणी विचारत नाही

‘खून की आत्महत्या?’ असं विचारलं की आपण दोनच खाने आखतो. पण समजा, वर कोणी अंगावर आलं, पळायला वाट नव्हती आणि जीव वाचवायला, स्वतःला सोडवायला म्हणून मुलीने कठडा ओलांडला, तर? अंतर मोजाल तर उडीच दिसेल. कायद्याच्या नजरेने मात्र तिच्यावर ती वेळ आणणारा माणूस मृत्यूला जबाबदार ठरू शकतो. फिजिक्स ‘कसं’ ते सांगतं, ‘का’ ते नाही सांगत. म्हणून माझ्या मते खरा प्रश्न पडण्याचा नाहीच. पडण्याआधीच्या चार मिनिटांत सज्जावर काय झालं, हा आहे.

आणि हे फक्त १८९१ चं नाही. आमच्या भागात एखादी सून विहिरीत सापडली की पंचनामा व्हायच्या आधीच पारावर निकाल लागतो : पाय घसरला असेल, नाहीतर उडी मारली असेल. ती त्या वेळी विहिरीकडे का गेली, आदल्या रात्री घरात काय झालं, हे विचारायला गेलं की लोक म्हणतात, ‘गेलेल्या माणसाबद्दल कशाला बोलायचं?’

पुरावा कमी पडला तर आरोपीला सोडायलाच हवं, त्यात वाद नाही. पण आरोपी सुटला म्हणजे प्रश्न सुटला असं नाही. २०२० मध्ये नेव्ह मार्च या लेखिकेने याच घटनेवरून सुचलेली ‘मर्डर इन ओल्ड बॉम्बे’ ही इंग्रजी कादंबरी लिहिली, म्हणजे सव्वाशे वर्षांनंतरही कोणाला तरी स्वस्थ बसवलं नाही. २०१८ मध्ये तो सगळा परिसर युनेस्कोच्या वारसा यादीत गेला. कधी इंटर्नशिपला मुंबईला गेलात तर ओव्हल मैदानावरून टॉवर नीट दिसतो. फोटो जरूर काढा. घड्याळाच्या वर नजर गेली की त्या दोघींची नावंही आठवा : बच्चूबाई आणि फिरोजबाई.