निनावी निरोपांची साखळी

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

पत्रातला मजकूर अधिक बोलका, की पाकिटावरचा पत्ता? प्रश्न जरा विचित्र वाटेल. पण समजा, एखाद्या घरी महिन्याभरात तीन पत्रं आली. एक वकिलाच्या कचेरीतून, दुसरं बँकेच्या कर्जवसुली खात्यातून आणि तिसरं कर्करोगाच्या रुग्णालयातून. ही पत्रं न फोडताही त्या घरात काय चाललं असेल, याचा अंदाज पोस्टमनला येईलच ना?

इंटरनेटचंही तसंच आहे. बहुतेक संकेतस्थळांशी होणारं आपलं बोलणं आज सांकेतिक रूपात जातं, त्यामुळे मजकूर सहसा कुणाला वाचता येत नाही. पण कोणत्या घरातला कॉम्प्युटर कोणाशी, किती वाजता आणि किती वेळ बोलला, हे वाटेत बसलेल्याला दिसतं. पाकीट बंद आहे, पत्ता मात्र उघडा आहे. हा पत्ता कसा झाकायचा आणि त्यासाठी उभारलेल्या जाळ्यातला एक नोड, म्हणजे साखळीतला एक हात, आपल्या घरी कसा चालवायचा, हा आजचा विषय. गेली काही वर्षं माझ्या घरी माळ्याखालच्या फळीवर असा एक नोड चालू आहे. त्यामुळे पुस्तकी माहितीबरोबर चार अनुभवाच्या गोष्टीही सांगता येतील.

कल्पना तशी जुनी आहे. डेव्हिड चॉम या अमेरिकन संशोधकानं १९८१मध्ये एक निबंध लिहिला. निरोप थेट न पाठवता मधल्या केंद्रांमधून फिरवावा, तिथं तो इतर निरोपांत मिसळावा, म्हणजे कुणाचा निरोप कुणाकडे गेला हे कळणार नाही, असं त्याचं सूत्र होतं. पुढे १९९०च्या दशकात अमेरिकेच्या नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत 'ओनियन राउटिंग' जन्माला आलं. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे निरोपावर कुलपांचे थर चढवायचे आणि प्रत्येक टप्प्यावर एकेक थर उतरवायचा. त्यातूनच आजचं प्रसिद्ध 'टॉर' जाळं तयार झालं. २००३मध्ये 'इनव्हिजिबल इंटरनेट प्रोजेक्ट', थोडक्यात 'आयटूपी', हा प्रकल्प सुरू झाला. कांद्यानंतर इथं लसूण आली! एका गड्ड्यात जशा अनेक पाकळ्या, तसे अनेक निरोप एकाच आवरणात बांधून पाठवायचे, म्हणून या पद्धतीला 'गार्लिक राउटिंग' म्हणतात. माझ्या घरी चालतो तो या आयटूपीचा नोड.

दोन्हींत महत्त्वाचा फरक आहे. टॉर वापरणारे पुष्कळ आणि त्यांचे निरोप वाहणारे स्वयंसेवक त्या मानानं थोडे. आयटूपीमध्ये सहसा जो वापरतो तोच वाहतो. भिशीसारखा मामला आहे. आपण आपला हप्ता भरायचा, म्हणजे आपली वेळ आली की इतरांचे हप्ते कामी येतात. इथं हप्ता पैशांचा नसतो, तर आपल्या इंटरनेटच्या वेगातल्या थोड्याशा वाट्याचा असतो.

हे चालतं कसं? इमारतीचा स्लॅब पडताना आपण पाहिला असेल. खालपासून वरपर्यंत माणसं उभी असतात आणि काँक्रीटची घमेली हातोहात वर जातात. मधल्या माणसाला एवढंच ठाऊक असतं, की घमेलं अलीकडच्याकडून घ्यायचं आणि पलीकडच्याला द्यायचं. आता अशी कल्पना करा, की साखळीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांना झापडं आहेत आणि त्याला फक्त शेजारचे दोन हातच दिसतात. घमेल्यात काय आहे, ते कुठून निघालं, कुठे रिकामं होणार, काहीच कळत नाही. या साखळीला आयटूपीत 'टनेल', म्हणजे बोगदा म्हणतात. साधारणपणे एका बोगद्यात तीन नोड असतात आणि बोगदा एकेरी असतो. निरोप जाण्याचा वेगळा, येण्याचा वेगळा. मी आपल्याला निरोप पाठवला, तर तो माझ्या जाण्याच्या आणि आपल्या येण्याच्या बोगद्यातून पोचतो. उत्तराला आणखी दोन बोगदे लागतात. शिवाय प्रत्येक बोगदा दहा मिनिटांत मोडतो आणि त्या जागी नवा तयार होतो. पाळत ठेवणाऱ्यानं एक वाट हेरली, तरी थोड्याच वेळात ती वाटच उरत नाही.

आता उभारणीकडे वळू. त्यासाठी मोठा कॉम्प्युटर लागत नाही. जुना लॅपटॉप चालतो, तळहाताएवढा रास्पबेरी पायही चालतो. सॉफ्टवेअर मोफत आहे. त्याची मूळ आवृत्ती जावा भाषेत आहे, आणि 'आयटूपीडी' नावाची दुसरी, हलकी आवृत्ती सी प्लस प्लसमध्ये. ते प्रकल्पाच्या अधिकृत जागेवरूनच उतरवून घ्यावं. कुणी पेन ड्राइव्हवर आणून दिलेलं घेऊ नये. जावाची आवृत्ती सुरू झाली, की ब्राउझरमध्ये १२७.०.०.१:७६५७ या पत्त्यावर तिचं नियंत्रणाचं पान उघडतं. १२७.०.०.१ म्हणजे कॉम्प्युटरच्या भाषेत 'मी स्वतः'. हे पान बाहेरच्या जगाला दिसत नाही.

तिथं पहिला प्रश्न येतो वाट्याचा. किती वेग द्यायचा? इथं एक हिशेब नीट समजून घ्या. इंटरनेट कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते आणि हे पान तो किलोबाइटमध्ये विचारतं. आठ बिट म्हणजे एक बाइट. तेव्हा ४० मेगाबिटची जोडणी म्हणजे सेकंदाला सुमारे ५,००० किलोबाइट. त्यातले १०० किलोबाइट जरी आपण अखंड दिले, तरी चोवीस तासांत साडेआठ जीबीहून जास्त माहिती बाहेर जाते आणि जवळजवळ तेवढीच आत येते. अमर्याद योजना असेल तर हरकत नाही. मोबाइलच्या दिवसाला दीड-दोन जीबीच्या पॅकवर मात्र हा उद्योग करू नये. दुपारच्या आत पॅक संपेल.

नोड सुरू झाला, पण चालेना, तर काय करायचं? माझा सल्ला असा, की सर्वांत आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे आणि मग कॉम्प्युटरच्या घड्याळाकडे पाहा. हसू नका. बोगदे मिनिटांच्या हिशेबानं बांधले आणि मोडले जातात, त्यामुळे ज्याचं घड्याळ चुकीचं, त्याच्याशी बाकीचे नोड व्यवहारच करत नाहीत. आपल्याकडे वीज जाते. जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असला, की वीज आल्यावर त्याचं कॅलेंडर कित्येक वर्षं मागं जातं. रास्पबेरी पायच्या जुन्या मॉडेलांत तर घड्याळाला स्वतःची बॅटरीच नसते. माझ्या एका स्नेह्यांचा नोड दर गुरुवारी आजारी पडायचा. गुरुवारी त्यांच्या भागात दुरुस्तीसाठी वीज बंद असते, हे लक्षात आल्यावर निदान झालं. सेल बदलला आणि वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळवून घेण्याची सोय चालू केली. तेव्हापासून गुरुवार सुखाचा झाला.

दुसरी अडचण ओळखीपाळखीची. नव्या गावात आलेल्या माणसाला सुरुवातीला कुणीच ओळखत नाही. नवा नोडही तसाच. तो पहिल्यांदा काही ठरावीक सर्व्हरांकडून इतर नोडांची एक यादी आणतो. याला 'रीसीड' म्हणतात. ही यादीच आली नाही, तर ओळखीच्या नोडांचा आकडा शून्याजवळ अडकतो. कार्यालयाच्या किंवा कॉलेजच्या इंटरनेटवर असे सर्व्हर अडवलेले असू शकतात. घड्याळ चुकलं असेल तरीही यादी येत नाही, कारण सर्व्हरच्या ओळखपत्राची मुदत त्या चुकीच्या तारखेला सुरूच झालेली नसते. म्हणून म्हटलं, घड्याळ आधी.

तिसरी अडचण सर्वांत जास्त भेटते. नियंत्रणाच्या पानावर 'फायरवॉल्ड' असा शेरा दिसतो. म्हणजे आपण बाहेर जाऊ शकतो, पण बाहेरच्याला आपलं दार वाजवता येत नाही. नोड बसवताना ९००० ते ३१००० यांच्या दरम्यानचा एक क्रमांक निवडला जातो. तो आपल्या दाराचा क्रमांक, म्हणजे पोर्ट. घरातल्या वायफायच्या डब्याला सांगावं लागतं, की या क्रमांकावर कुणी आलं तर त्याला अमुक कॉम्प्युटरकडे पाठव. टीसीपी आणि यूडीपी या दोन्ही प्रकारांसाठी ही नोंद करायची. अनेकजण एकच करतात आणि मग डोकं धरून बसतात. काही घरांत कंपनीनं बसवलेला फायबरचा डबा एक आणि आपण विकत आणलेला वायफायचा डबा दुसरा, असे दोन दरवान असतात. अशा वेळी नोंद दोघांकडेही हवी.

एवढं करूनही शेरा जात नसेल, तर वायफायच्या डब्याच्या पानावर त्याला बाहेरून मिळालेला पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यानच्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर कंपनीनं एकच खरा पत्ता अनेक ग्राहकांत वाटून दिलेला आहे. पाच मजली इमारतीला एकच पत्रपेटी आणि पत्रावर फ्लॅटचा नंबर नाही, असा हा प्रकार. इथं आपल्या घरातली कोणतीही नोंद उपयोगी पडत नाही. कंपनीकडे स्वतंत्र पत्ता मागावा. काही कंपन्या जादा पैसे घेऊन तो देतात. किंवा आयपीव्ही-सिक्स या नव्या पद्धतीचा पत्ता मिळतो का, ते पाहावं. दोन्ही जमलं नाही, तरी निराश होऊ नका. ओळख करून देणाऱ्या मध्यस्थ नोडांमार्फत असा नोडही काम करतो. फक्त इतरांच्या उपयोगी थोडा कमी पडतो.

चौथी अडचण यंत्राची नाहीच, आपल्या स्वभावाची आहे. माणसं नोड सुरू करतात, तासाभरात पाहतात, 'फारच संथ आहे' म्हणतात आणि बंद करतात. आयटूपीतले नोड एकमेकांची पारख करत असतात. कोण भरवशाचा, कोण मध्येच गायब होतो, याची नोंद प्रत्येकजण स्वतःपुरती ठेवतो. नवख्यावर कुणी लगेच मोठी जबाबदारी टाकत नाही. चांगले दोन-चार दिवस नोड अखंड चालला, की त्याच्यातून जाणारे इतरांचे बोगदे वाढू लागतात आणि आपलाही वेग सुधारतो. विश्वास मिळवायला वेळ लागतो, हे इथंही खरं आहे.

आता थोडं मर्यादांविषयी. आपण या साखळीत आहोत, ही गोष्ट लपत नाही. आपल्या नोडचा पत्ता इतर नोडांना कळतोच. लपतं ते हे, की आपण स्वतः कुणाशी काय बोललो. आणि साखळी कितीही पक्की असली, तरी पलीकडे जाऊन आपणच आपलं नाव, गाव नि फोन नंबर लिहिला, तर तिचा काय उपयोग? म्हणून या कामासाठी वेगळा ब्राउझर ठेवावा आणि त्यात रोजची खाती उघडू नयेत.

साधा नोड साखळीतले निरोप आतल्या आत फिरवतो. उघड्या इंटरनेटवर परक्यांचा व्यवहार आपल्या पत्त्यानं बाहेर सोडणारी 'आउटप्रॉक्सी' ही वेगळी सोय आहे. ती घरी चालवू नये. दुसऱ्यानं केलेल्या गोष्टीची विचारणा आपल्या दारी येऊ शकते. कार्यालयात किंवा कॉलेजात परवानगीशिवाय नोडही चालवू नये.

'मग ही लपवाछपवी हवीच कशाला? ज्याला काही लपवायचं नाही, त्यानं का घाबरावं?' असं मला पुष्कळदा विचारतात. निनावीपणाचा गैरवापर होतो, हे मी नाकारत नाही. पण घरातल्या खिडकीला पडदा लावणारा प्रत्येकजण काही गुन्हेगार नसतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमतानं निर्णय दिला. तो हक्क अमर्याद नाही, हेही त्याच निकालात आहे. २०२२मध्ये इराणमध्ये आंदोलनं पेटली आणि सरकारनं इंटरनेट आवळलं, तेव्हा टॉरच्या 'स्नोफ्लेक' या सोयीचा तिथला वापर एकदम वाढला. जगभरातले सामान्य लोक आपल्या ब्राउझरमधून त्यांना वाट करून देत होते. त्यांतल्या कुणाला कुणाचं नाव माहीत नव्हतं.

मुद्दा हाच आहे. एकट्याला निनावी होता येत नाही, त्याला गर्दी लागते. जाळ्यात फक्त जिवावर उदार झालेली माणसंच असतील, तर जाळ्यात दिसणं हाच पुरावा ठरेल. पाककृती शोधणारे, बुद्धिबळ खेळणारे, नुसतीच हौस असणारे असे आपल्यासारखे लोक त्यात असले, तरच एखाद्या पत्रकाराला किंवा छळाला कंटाळलेल्या एखाद्या बाईला त्यांच्या आडोशाला उभं राहता येतं.

शेवटी एक छोटी सूचना. नोड बंद करायचा झाला, तर वीज तोडू नका. नियंत्रणाच्या पानावर सावकाश बंद करण्याचं एक बटण असतं. ते दाबलं, की नोड नवे बोगदे घेत नाही आणि हातातले संपेपर्यंत थांबतो. दहा-अकरा मिनिटं लागतात. तेवढा वेळ कुणा अनोळखी माणसाचा निरोप आपल्या हातात असतो. तो पुढच्या हातात देऊन मगच आपण बाजूला व्हावं.