सुताचा पीळ व इलेक्ट्रॉनची फिरकी

जळगांव-धुळ्याकडील कपाशीच्या मुलखांत सुताला पीळ असतो हें कोणास सांगावयास नको. हा पीळ उजवा असतो किंवा डावा. उजव्या पिळाचा धागा उलटा धरला तरी पीळ उजवाच राहतो. तो डावा दिसावयाचा तर आरसाच पाहिजे.

कांहीं रेणूंचें असेंच आहे. पाश्चर यानें १८४८ सालीं टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे डावे-उजवे स्फटिक वेचून वेगळे केले, तेव्हां या भेदाचा पत्ता लागला.

इलेक्ट्रॉनलाहि फिरकी असते. नांव थोडें फसवें आहे, कारण तो भोंवऱ्यासारखा गरगरत नाहीं. परंतु चुंबकानें पारखूं जातां त्याच्या दोनच तऱ्हा आढळतात. साध्या तारेंतील प्रवाहांत त्या सारख्या मिसळलेल्या असतात. इस्राएलमधील वाइझमान संस्थेचे रॉन नामान व त्यांचे सहकारी यांनीं १९९९ सालीं सोन्यावर एकाच हाताच्या रेणूंचा पातळ थर दिला, तेव्हां त्यांतून पार होणाऱ्या इलेक्ट्रॉनांत फिरकीप्रमाणें निवड होते असें दिसलें. २०११ सालीं डीएनएच्या दुहेरी पिळांतून बाहेर पडलेले बहुसंख्य इलेक्ट्रॉन एकाच फिरकीचे निघाले. चुंबकावांचून हें घडावें याचा उलगडा करण्यास प्रचलित उपपत्ति अद्याप अपुऱ्या पडतात.

खानदेशाशीं याचा संबंध येतो तो उन्हामुळें. साक्री तालुक्यांत शिवाजीनगर येथें १२५ मेगावॅटचा सौर वीजप्रकल्प २०१३ सालीं उभा राहिला. दिवस मावळला कीं अशी वीज थांबते. ती सांठविण्याचा एक मार्ग म्हणजे तिनें पाण्याचें विघटन करून हायड्रोजन मिळविणें. परंतु त्या वेळीं धनाग्रावर प्राणवायूबरोबर थोडें हायड्रोजन पेरॉक्साइडहि बनूं शकतें. त्यानें वीज वायां जाते आणि धनाग्रालाहि इजा पोंचते. येथें फिरकी कामास येते. प्राणवायूच्या रेणूंतील दोन इलेक्ट्रॉनांची फिरकी एकाच दिशेची असते, पेरॉक्साइडांत मात्र सर्व इलेक्ट्रॉन उलटसुलट जोडीनें बसतात. पिळाच्या रेणूंचा लेप दिलेलें धनाग्र एकाच फिरकीचे इलेक्ट्रॉन ओढूं लागलें, कीं मागें उरणाऱ्यांची फिरकीहि एकसारखी होते, त्यांची जोडी जमत नाहीं आणि पेरॉक्साइडाची वाट अडते. नामान यांच्या गटानें २०१७ सालीं टायटॅनियम डायऑक्साइडच्या धनाग्रावर तें करून दाखविलें.

अडचण उरते ती लेपाची. धनाग्रावर प्राणवायु सुटत असतां सेंद्रिय रेणु स्वतःच जळूं लागतात. म्हणून मुळांतच पिळाची घडण असलेले धातूंचे ऑक्साइड तयार करण्याकडे संशोधक वळले आहेत.