पाऊस, घाट आणि मागचे टायर

चाकणला तयार होणाऱ्या महिंद्रा बीई 6 या इलेक्ट्रिक गाडीत मोटर मागे आहे आणि गाडी ढकलण्याचं सगळं काम मागची दोन चाकं करतात. मोठ्या बॅटरीच्या गाडीची ताकद 210 किलोवॉट, टॉर्क 380 न्यूटन मीटर. इंजिनाच्या गाडीत टॉर्क फेऱ्यांबरोबर चढत जातो, इथे पाय पडताक्षणी पूर्ण हजर. आणि दोन टनांच्या आसपास वजनाची ही गाडी रस्त्याला टेकते ती प्रत्येक टायरच्या तळहाताएवढ्या रबरावर.

ताम्हिणी घाटात भर पावसात चढताना हे टायर आधी विश्वास देतात. चढावर आणि वेग घेताना वजन मागे सरकतं, मागचे टायर जास्त दाबले जातात, म्हणून सरळ रस्त्यावर गाडी सुरेख झेपावते. खरी परीक्षा वळणावर. टायरची पकड एकच असते. वळण्यात जेवढी खर्च झाली तेवढी ढकलायला उरत नाही. डोंगरातून वाहून आलेल्या लाल मातीवर वळणातच जोर दिला, की मागचा भाग बाहेर सरकल्याचं आधी कंबरेला कळतं, मग पिवळा दिवा लुकलुकतो आणि संगणक ताकद कापतो. तो फार चपळ आहे. पण पकड निर्माण करणं त्याच्या हातात नाही, ते रबराचंच काम.

उतारावर प्रकरण आणखी नाजूक. पाय उचलला की मोटर जनित्र होते आणि गाडी रोखते, म्हणजे हा सगळा ओढा मागच्याच टायरांवर येतो. नेमकं त्याच वेळी वजन पुढे गेलेलं असतं आणि मागचे टायर हलके झालेले असतात. गाडी घसरू लागली तर यंत्रणा हा ओढा कमी करते, तरी ओल्या उतारावर मी त्याची पातळी आधीच खाली ठेवतो आणि पेडलवरून पाय हळूहळू काढतो. माझ्या मते अशा गाडीत हीच सवय सगळ्यात मोलाची.

टायरच्या नक्षीची खोली कायद्याने किमान 1.6 मिलिमीटर हवी. पण खाचांतून पाणी बाहेर फेकण्याची क्षमता त्याच्या बरीच आधी घटते, त्यामुळे घाटात जाणाऱ्याने त्या आकड्याची वाट पाहू नये. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो आणि फसवतो.

दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर दुकानदार बहुधा पुढे बसवायला निघतो, कारण स्टिअरिंग पुढे. तिथे हट्ट धरावा. पुढचे टायर सुटले तर गाडी वळायचं सोडून सरळ जाऊ लागते, आणि वेग कमी केला की बहुतेकदा पुन्हा वळते. मागचे सुटले तर गाडी गरकन फिरते, आणि ती सावरणं सरावलेल्या चालकालाही जड जातं. म्हणून नवे टायर मागेच.