न्हाणीघरातील जुन्या टाइल्सवर नव्या टाइल्स

अहिल्यानगरच्या सावेडी, केडगाव यांसारख्या भागांत तीस-पस्तीस वर्षांपूर्वी बांधलेल्या घरांतील न्हाणीघरे आता जुनी दिसू लागली आहेत. टाइल्सचा रंग विटला, सांधे काळवंडले आणि बोअरच्या जड पाण्याने त्यांवर पांढरा थर चढला. अशा वेळी गवंड्यास बोलावले की एक म्हणतो, सर्व फोडून काढा. दुसरा म्हणतो, फोडता कशाला, आहेत त्यांवरच नव्या बसवू. या दुसऱ्या सल्ल्याचा मोह मोठा आहे. राडारोडा नाही, तोडण्याची मजुरी नाही, आणि घरात दम्याचा रोगी असल्यास धुळीपासून त्याची सुटका होते. सल्ला मुळातच चुकीचा आहे असे नव्हे; परंतु तो आपल्या भिंतीस लागू पडतो की नाही, हे टाइलच्या पाठीमागे काय चालले आहे यावर ठरते. मी जन्मभर खडू हाती धरलेला मनुष्य, थापी नव्हे. तथापि ही परीक्षा घरधन्याने स्वतःच करावी इतकी सोपी आहे.

एक नाणे घेऊन प्रत्येक टाइलच्या मध्यावर व चारही कोपऱ्यांवर ठोकून पाहावे. भरीव आवाज आला तर टाइल भिंतीस धरून आहे. पोकळ आला तर तेथे खडूने खूण करावी. पुष्कळ गवंडी टाइलच्या पाठीस सिमेंटचे चार-पाच गोळे लावून ती भिंतीवर दाबीत, त्यामुळे कोपरे रिकामे राहत. दहांत एखादी टाइल पोकळ निघाल्यास तेवढीच काढून ती जागा भरून घेता येते. चार-पाच निघाल्यास मात्र फोडण्याचीच तयारी ठेवावी; कारण नवी टाइल कितीही घट्ट बसली तरी तिचा भार अखेर जुनीच वाहणार आहे.

तो भार किती, याचा हिशेब करून पाहू. ६ फूट रुंद व ८ फूट लांब न्हाणीघरास ७ फूट उंचीपर्यंत टाइल्स लावावयाच्या झाल्यास, दाराची जागा वगळून सुमारे १८० चौरस फूट क्षेत्र होते. टाइल व तिचा मसाला मिळून चौरस फुटास पावणेदोन किलोंहून थोडे अधिक धरले, तर एकूण वजन ३२५ किलोंच्या घरात जाते. पक्क्या विटांच्या व सिमेंटच्या धडधाकट भिंतीस हे जड नाही. माळीवाड्याकडील जुन्या वाड्यांत, जेथे आत माती व चुना आहे आणि गिलावा अगोदरच सुटत आला आहे, तेथे हा प्रयोग करू नये.

याहून महत्त्वाची गोष्ट ओलीची. त्या काळच्या घरांत भिंतीत जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी नळ पुरलेले असत, आणि ते आतून गंजतात. अशा नळास बारीक छिद्र पडले असता पाणी टाइलमधून दिसत नाही. ते पलीकडच्या खोलीच्या रंगाला फोड आणते, लोणा फुटवते किंवा खालच्या बिऱ्हाडाच्या छतावर उतरते. त्यावर नवा थर चढविणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे होय. पुढे दोन्ही थर फोडावे लागतात. म्हणून रात्री टाकीत येणारे पाणी बंद करून, घरातील सर्व तोट्या मिटून, टाकीतील पातळीवर खूण करावी व सकाळी पाहावी. पातळी उतरली असेल तर प्रथम नळकाम. पातळी तीच असूनही पलीकडची भिंत ओली असेल, तर सांडपाण्याच्या वाटेकडे संशय घ्यावा.

भिंत कोरडी व टाइल्स पक्क्या ठरल्या, तरी साध्या सिमेंटने काम करू देऊ नये. सिमेंटचे पाणी सच्छिद्र पृष्ठभागात शिरते व तेथे त्याचे सूक्ष्म स्फटिक रुतून बसतात. टाइलची झिलई म्हणजे काचच, तिला छिद्रे कोठून? याकरिता पॉलिमर मिसळलेले तयार मिश्रण लागते. भारतीय मानक १५४७७ मध्ये या मिश्रणांचे प्रकार पाडलेले आहेत. टाइलवर टाइल लावण्यास चालणारा प्रकार पोत्यावर वाचूनच घ्यावा. आपल्याकडील क्षारांचा पांढरा थर व साबणाचा मेण मात्र आधी संपूर्ण निघाला पाहिजे, नाहीतर मिश्रण टाइलला न चिकटता त्या थरालाच चिकटेल. झिलई यंत्राने खरवडून, धूळ पुसून मग दातेरी थापीने मिश्रण पसरावे. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात त्यावर लवकर साय धरते; बोट लावून ते चिकट नसल्यास खरडून टाकावे, वर पाणी शिंपडून जिवंत करू नये. टाइल्स बादलीत भिजविण्याची जुनी सवयही येथे सोडावी लागते.

प्रत्येक भिंत सुमारे अर्धा इंच पुढे येते. त्यामुळे भिंतीतील तोट्यांना जोडतुकडे लागतात, दाराच्या चौकटीची कड आत बुडते, आणि आधीच अरुंद असलेली जागा दोन्ही बाजूंनी मिळून इंचभर कमी होते. ही मापे गवंडी व नळकारागीर या दोघांना एकत्र बोलावून, टाइल्स विकत आणण्यापूर्वी घ्यावीत.