पॅटर्न मॅचिंगमधली पुनरावृत्ती
फंक्शनल प्रोग्रामिंगमध्ये मूल्याची रचना पाहून पुढची कृती निवडण्याला पॅटर्न मॅचिंग म्हणतात. एक उदाहरण घेऊ. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक विद्युत केंद्रात 500 मेगावॉटचे दोन संच आहेत. समजा, तिथला एखादा प्रोग्राम क्रमांकावरून संच शोधतो, त्याच्या बाष्पदाबाची नोंद वाचतो आणि ती मर्यादेत आहे का, हे तपासतो. प्रत्येक टप्प्यावर ‘मूल्य मिळाले’ आणि ‘मिळाले नाही’ अशा दोन शाखा लिहाव्या लागतात. दुसरी शाखा दर वेळी तीच असते. मूल्य मिळाले की नाही, ही तपासणी एकाच फंक्शनकडे सोपवता येते: मूल्य असल्यास पुढचा टप्पा चालवायचा, नसल्यास तिथेच थांबायचे. हॅस्केलमध्ये हे काम ‘डू’ रचनेने होते, एलिक्सिरमध्ये ‘विथ’ने. प्रत्येक अपयशावर वेगळी कृती हवी असेल, तर मात्र शाखा स्वतंत्र लिहिणेच योग्य.