जुन्या घराची पारख आणि दुरुस्तीचा खर्च

घर विकत घेताना बहुतेक लोक दोन गोष्टींची कसून चौकशी करतात : भाव आणि मालकीची कागदपत्रे. इमारतीच्या प्रकृतीची चौकशी मात्र खोल्यांतून एक फेरी मारली की संपते. त्यातही विकणाऱ्याने भिंतींना नुकताच रंग दिलेला असतो. भविष्य निर्वाह निधीची सारी रक्कम अशा व्यवहारात घालणाऱ्या माणसाला मग पहिल्या पावसाळ्यातच कळून येते की, खरेदीखतात लिहिलेली किंमत ही घराची पुरती किंमत नव्हतीच.

मुंबई, चेन्नई यांसारख्या समुद्रकाठच्या शहरांत हा धोका विशेष असतो. लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटमध्ये मुळात अल्कधर्म भरपूर असतो आणि त्यामुळे सळ्यांवर एक अतिशय पातळ संरक्षक थर टिकून राहतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत मुरत गेला म्हणजे हा अल्कधर्म क्षीण होतो. खाऱ्या हवेतील क्लोराइडे तर तो शाबूत असतानाही संरक्षक थर भेदू शकतात. मग पाणी आणि प्राणवायू मिळताच सळई गंजू लागते. गंजाला मूळच्या लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते. ती मिळवण्यासाठी तो वरचे काँक्रीट फोडतो. म्हणून सळईच्या रेषेत सरळ गेलेली भेग व तिच्यातून ओघळलेला तांबूस डाग यांना, गिलाव्यावरील केसासारख्या वेड्यावाकड्या भेगांच्या पंक्तीला बसवता येत नाही. पहिले दुखणे हाडाचे, दुसरे कातडीचे.

प्राथमिक तपासणीची साधने साधीच आहेत. हलक्या हातोडीने ठोकले असता भक्कम काँक्रीट खणखणीत वाजते. थर सुटलेला असेल तेथे आवाज पोकळ येतो. काँक्रीटच्या नव्याने फोडलेल्या भागावर अभियंता फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण शिंपडतो. गुलाबी रंग आला तर तेथे अल्कधर्म शिल्लक आहे असे समजावे. रंग न येणारा पट्टा सळईपर्यंत पोचला असेल, तर वरून देखणे दिसणारे छतही निर्धोक नसते. क्लोराइडांची बाधा मात्र या परीक्षेत दिसत नाही. तिच्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो. घर पाहण्यास उत्तम काळ म्हणजे पावसाळ्याचा उत्तरार्ध. दिवाळीची रंगरंगोटी झाल्यावर भिंती फारसे काही सांगत नाहीत! गच्ची, न्हाणीघराखालचे छत आणि पाण्याच्या टाकीचे खांब ही ठिकाणे आधी पाहावीत.

खर्चाचा अंदाज चुकतो तो बहुधा दिसणाऱ्या भेगेचे क्षेत्रफळ मोजल्यामुळे. प्रत्यक्षात निरोगी सळई लागेपर्यंत काँक्रीट फोडत जावे लागते. तळहाताएवढा डाग शेवटी बाजेएवढा निघाला तरी नवल नाही. शिवाय परांची, टेकू आणि राडारोड्याची वाहतूक यांचा खर्च एका भेगेसाठीही चुकत नाही. यासाठी ठोक रकमेवर न जाता प्रत्येक बाबीचे मोजमाप व दर लिहून घ्यावेत, आणि ते सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीशी ताडून पाहावेत. गळती बंद करण्याचा खर्च या यादीत सर्वांत वर असावा. पाणी झिरपतच राहिले तर नवा गिलावा थोड्याच वर्षांत पुन्हा निखळतो.

सदनिका घेणाऱ्याने आपल्या चार भिंतींपलीकडेही पाहिले पाहिजे, कारण गच्ची आणि खांब सामाईक असतात व त्यांच्या दुरुस्तीची वर्गणी नव्या सभासदालाही भरावी लागते. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार दुरुस्ती निधीसाठी दरसाल बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के रक्कम जमा करावयाची असते. ती खरोखर जमा झाली आहे की नाही, हे संस्थेच्या ताळेबंदावरून समजते. बृहन्मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. तिचा अहवाल विसार देण्यापूर्वी मागून घ्यावा, आणि त्यातील दुरुस्तीच्या खर्चापैकी आपल्या वाट्याला येणारी रक्कम भाव ठरवतानाच वजा करून मागावी.