‘शक्तिवर्धक’ गोळ्या : लपविलेले दुखणे, लपविलेले औषध

वार्षिक अहवालात जमाखर्च, शस्त्रक्रियांची संख्या आणि देणगीदारांची नामावली असावयाची, हा प्रघातच आहे. त्यांच्या जोडीला आरोग्यशिक्षणाची दोन पानेही असावीत, असे आम्हांस वाटते. या पानांसाठी आम्ही जो विषय निवडला आहे, तो घरात बोलला जात नाही आणि डॉक्टरांपुढेही बहुधा उच्चारला जात नाही. भिंतींवर, रेल्वेच्या डब्यांत आणि रस्त्याकडेच्या जडीबुटीच्या तंबूंवर मात्र तो मोठ्या अक्षरांत झळकतो. पुरुषांची लैंगिक शक्ती वाढविण्याचा दावा करणाऱ्या गोळ्या, चूर्णे व तेले आणि त्यांचा मनमानी वापर, हा तो विषय होय.

महाराष्ट्राला हा विषय अपरिचित नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू करून लैंगिक आरोग्याची शास्त्रीय माहिती मराठीत देण्याचे कार्य १९५३ पर्यंत, आपल्या निधनापर्यंत चालविले. त्यासाठी त्यांनी खटलेही सोसले. त्यांनी मांडलेली गोष्ट साधी होती : जेथे ज्ञान पोहोचत नाही, तेथे भोंदूगिरी पोहोचते. ती आजही तितकीच खरी आहे.

औषध काम कसे करते?

प्रथम खऱ्या औषधाविषयी. सिल्डेनाफिल हे द्रव्य मुळात हृदयशूलावर, म्हणजे अंजायनावर, उपाय म्हणून तपासले जात होते. त्या चाचण्यांत त्याचा वेगळाच परिणाम दिसून आला आणि २७ मार्च १९९८ रोजी अमेरिकेत त्यास लैंगिक दुर्बलतेवरील औषध म्हणून मान्यता मिळाली.

उत्तेजनाच्या वेळी मज्जातंतूंच्या टोकांतून नायट्रिक ऑक्साइड स्रवते. त्यामुळे रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील स्नायू सैलावतात, इंद्रियात रक्त भरते व ताठरता येते. सैलावण्याचा हा संदेश शरीरातील एक विकर थोड्या वेळाने पुसून टाकते. सिल्डेनाफिल त्या विकरास रोखते, म्हणून परिणाम अधिक काळ टिकतो. योग्य तपासणीनंतर, योग्य मात्रेत दिलेले हे औषध उपयुक्त आहे, हे आम्ही स्पष्टपणे नमूद करतो.

धोका निराळ्याच ठिकाणी आहे. हृदयविकाराच्या रुग्णास छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवावयास दिली जाणारी गोळी नायट्रेट वर्गातील असते. अनेक घरांतील देव्हाऱ्याशेजारच्या डबीत वा सदऱ्याच्या खिशात ती असतेच. तीही शरीरात हाच संदेश निर्माण करते आणि सर्वच रक्तवाहिन्या सैलावते. एक औषध संदेश वाढविते, दुसरे तो पुसू देत नाही. दोन्ही एकत्र आली की रक्तदाब एकाएकी कोसळतो आणि रुग्ण बेशुद्ध पडतो, प्रसंगी दगावतो. म्हणूनच सिल्डेनाफिल घेतल्यानंतर किमान २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यानंतर किमान ४८ तास नायट्रेट द्यावयाचे नसते.

पाकिटावरचे आणि पाकिटातले

येथे वाचक म्हणतील, की आम्ही तर केवळ वनौषधींचे चूर्ण घेतो, त्यात कसले रसायन? परंतु पाकिटावर जे लिहिलेले असते तेच पाकिटात असते, याची खात्री देता येत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नोंदींनुसार २००७ ते २०१६ या काळात ७७६ पूरक उत्पादनांत अघोषित औषधी द्रव्ये आढळली. त्यांपैकी ३५३ उत्पादने लैंगिक शक्तिवर्धक म्हणून विकली जात होती, आणि त्यांत सर्वाधिक वेळा सापडले ते सिल्डेनाफिलच. ‘नैसर्गिक’ चूर्णाचा ‘गुण’ येतो तो पुष्कळदा असा. किती मात्रेत, हे मात्र घेणाऱ्यास ठाऊक नसते आणि विकणाऱ्यासही नसते.

याहून भीषण उदाहरण सिंगापूरचे आहे. २००८ सालच्या पहिल्या पाच महिन्यांत तेथील सार्वजनिक रुग्णालयांत मधुमेह नसलेले १५० रुग्ण रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली गेल्यामुळे दाखल झाले. त्यांपैकी १२७ जणांच्या रक्तात वा लघवीत मधुमेहावरील ग्लिबेनक्लामाइड हे औषध सापडले. बनावट टाडालाफिल आणि शक्तिवर्धक म्हणून विकली जाणारी काही वनौषधी उत्पादने यांत ते मिसळलेले होते. सात रुग्ण दीर्घकाळ बेशुद्धावस्थेत राहिले व त्यांतील चौघांचा मृत्यू झाला. मधुमेह नसलेल्या माणसाने मधुमेहाचे औषध घेतले असेल, अशी शंका सहसा कोणास येत नाही. निदानाची वाट अशा वेळी रुग्णाच्या खऱ्या सांगण्यावरच अवलंबून असते.

आयुर्वेदाविषयी येथे गैरसमज नसावा. वाजीकरण हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक असून चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात त्यास स्वतंत्र अध्याय आहे. परंतु वैद्याने प्रकृती पाहून दिलेली चिकित्सा वेगळी आणि त्या नावाआड विकले जाणारे पाकीट वेगळे. कामिनी विद्रावण रसासारख्या पारंपरिक योगात अफू असते. देखरेखीवाचून तो घेत राहिल्यास व्यसन जडते. लैंगिक क्षमता वाढविण्याच्या दाव्यांची औषधी जाहिरात आपल्याकडे १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याने निषिद्ध आहे. जाहिराती दिसतातच, म्हणजे त्या वैध आहेत असे नव्हे.

दुखणे दडपू नये

या गोळ्यांचा सर्वांत मोठा तोटा आणखी एक आहे. इंद्रियाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांहून अरुंद असतात. धमन्यांत चरबीचे थर साचू लागले, की अडथळा येथे आधी जाणवतो आणि छातीत दुखणे पुष्कळदा काही वर्षांनी सुरू होते. चाळिशी-पन्नाशीतील पुरुषास वाटणारी ही ‘कमजोरी’ म्हणजे हृदयाने आगाऊ पाठविलेली सूचना असू शकते. मधुमेह, उच्च रक्तदाब, तंबाखू, मद्य, नैराश्य आणि काही चालू औषधे हीही नेहमीची कारणे आहेत. गोळीने लक्षण तात्पुरते झाकले जाते, मूळ रोग आत वाढत राहतो. रक्तदाब, रक्तशर्करा, चरबीचे प्रमाण व हृदयाचा आलेख यांच्या साध्या तपासण्यांनी जे वेळीच कळले असते, ते मग अतिदक्षता विभागात कळते.

तरुणांची गोष्ट निराळी. त्यांच्यापैकी अनेकांना कोणताच रोग नसतो, असते ती केवळ भीती. स्वप्नावस्थेतील वीर्यस्खलनाने शक्ती नष्ट होते, या समजुतीला शास्त्राचा आधार नाही. अशा तरुणास औषधाची नव्हे, समजुतीच्या चार शब्दांची गरज असते.

कुटुंबीयांस विनंती

तातडीच्या विभागात छातीत दुखणारा पुरुष आला, की इतर प्रश्नांबरोबर आम्ही हाही प्रश्न विचारतो : “गेल्या दोन दिवसांत शक्तिवर्धक गोळी वा चूर्ण घेतले होते का?” पत्नी, मुलगा, सून शेजारी उभी असताना याचे खरे उत्तर देणे किती अवघड असते, हे आम्ही जाणतो. म्हणून आम्ही नातेवाइकांना क्षणभर बाहेर थांबण्याची विनंती करतो. तिचा राग मानू नये. त्या एका उत्तरावर पुढचे इंजेक्शन ठरत असते. रुग्ण बोलू शकत नसेल आणि घरात एखादे पाकीट वा बाटली सापडली, तर ती फेकून न देता आमच्याकडे आणावी. ताठरता चार तासांहून अधिक टिकून राहिल्यास तीही तातडीची अवस्था समजावी. उशीर झाल्यास कायमची हानी होते.

विकणारा पाकिटातले लपवितो आणि घेणारा घेतल्याचे लपवितो. या दोन लपविण्यांच्या मध्ये माणसाचा जीव सापडतो. पहिले लपविणे थांबविणे कायद्याच्या हाती आहे, दुसरे आपल्या हाती. रुग्णाने डॉक्टरांपाशी निःसंकोच बोलावे आणि घरच्यांनी त्यास त्यासाठी दोष देऊ नये, एवढीच आमची नम्र विनंती आहे.